माळ घातल्यावरचं पहिलं वर्ष: नेम कुठे सुटायला येतो आणि कसा राखायचा

वारकऱ्याची तुळशीची माळ गळ्यात घालून घ्यायला दहा मिनिटं लागतात. जड जातं ते पुढचं वर्ष. आणि ते जड करणारी माणसं परकी नसतात. आई असते, मेहुणा असतो, भावकी असते, एका ताटात जेवलेले मित्र असतात. "देवाचा नेम मोड" असं यातलं कुणीच म्हणत नाही. "माझ्यासाठी आजच्या दिवस" एवढंच म्हणतात. म्हणून नव्या माळकऱ्याला नेम सांगताना तो नेम कुणाच्या तोंडून, कोणत्या दिवशी आणि कशा भाषेत सुटायला येतो, हेही आम्ही सांगतो. शपथेची भाषणं ऐकून कुणाचा नेम टिकल्याचं दिसलेलं नाही. आधी ठाऊक असलेल्या माणसाचा मात्र टिकतो.

पहिली गोष्ट म्हणजे देवाची आज्ञा कोणती, हे ठरलेलं असलं पाहिजे. वारकऱ्याला त्यासाठी स्वप्नाची वाट बघावी लागत नाही. मांस-मच्छी-अंडं नाही, दारू नाही, परस्त्री आईसमान, दुसऱ्याच्या पैशाला हात नाही, महिन्याच्या दोन एकादश्या, रोज हरिपाठ, वर्षातून निदान एकदा पंढरी आणि जमेल तशी कार्तिक वद्य एकादशीची आळंदी. फड म्हणजे एका गुरुपरंपरेची वारकरी मंडळी; फडाफडात थोडा फरक असतो. कुठे दर महिन्याची शुद्ध एकादशी पंढरपुरातच करायची असते, कुठे आषाढी किंवा कार्तिकी यांपैकी एक पुरते. ज्यांच्या हातून माळ घेणार, त्यांच्याकडून हे आधी नीट विचारून घ्यावं. शक्य झालं तर वहीत लिहून घ्यावं. नंतर दबाव आला की माणूस नियमाला फाटे फोडू लागतो: "मासे कुठं मांसात येतात", "बिअर म्हणजे काय दारू आहे का". लिहिलेलं असलं की फाटे फुटत नाहीत.

माळ शक्यतो पंढरपूर, आळंदी किंवा देहूत घ्यावी. मशीनवर कातलेले, सगळे एका मापाचे, चकचकीत रंगाचे मणी बहुधा दुसऱ्याच लाकडाचे असतात. रात्रभर पाण्यात ठेवले की रंग सुटतो. तुळशीचा मणी वजनाला हलका, थोडा ओबडधोबड आणि फिकट असतो. माळ 108 मण्यांची आणि वर मेरुमणी. सुती दोरा घामाने कुजतो आणि बेसावध क्षणी तुटतो. नायलॉनचा दोरा टिकतो, पण मण्याच्या भोकाला धार असली तर तोही कापला जातो. तांब्या-चांदीच्या तारेत गाठवलेली माळ दिसायला छान, पण तार त्याच त्या जागी वाकून तुटते आणि दवाखान्यात अडचण करते, ते पुढे येईलच. कारखान्यात लेथवर, ड्रिलवर किंवा पट्ट्याच्या मशीनवर काम असेल तर छातीवर लोंबणारी माळ घालूच नये. गळ्याशी बसणारी कंठी घ्यावी आणि ती कॉलरच्या आत राहील अशी बघावी. सुपरवायझर "माळ काढ" म्हणतो तेव्हा तो देवाच्या आड येत नसतो. लोंबती वस्तू मशीनमध्ये ओढली जाते हे त्याचं म्हणणं खरंच आहे. यावर भांडण करणाऱ्याला आमच्याकडे कुणी शाबासकी देत नाही.

माळ घेण्याचे दिवस म्हणजे आषाढी, कार्तिकी, नाहीतर गावच्या अखंड हरिनाम सप्ताहातला काल्याचा दिवस. आंघोळ करून, कपाळी गोपीचंदन लावून, नारळ आणि बुक्का घेऊन जायचं. माळ विठोबाच्या पायांवर किंवा ज्ञानेश्वरीच्या पोथीवर ठेवतात, नेम सांगतात, "निभावशील का?" विचारतात आणि गळ्यात घालतात. गजर होतो, मग सगळे एकमेकांच्या पाया पडतात. सत्तर वर्षांचा विणेकरीही कालच्या पोराच्या पाया पडतो. या सगळ्याला पैसे लागत नाहीत. कुणी रक्कम सांगितली तर तिथून उठावं.

त्या दिवसापासून आठ दिवसांच्या आत एक काम उरकायचं: ज्यांच्याबरोबर जेवण होतं त्या प्रत्येकाला सांगायचं. इथेच बरेचजण कचरतात. गळ्यात दिसतेच आहे, कळेल त्यांचं त्यांना, असं म्हणून सोडून देतात. मग बहिणीच्या घरी ताट वाढून झाल्यावर सांगायची वेळ येते. तिने सकाळपासून खपून रस्सा केलेला असतो, ती रडते, आणि त्या रडण्यापुढे नेम उभा राहत नाही. तेच फोनवर दोन दिवस आधी सांगितलं असतं तर तिने पिठलं टाकलं असतं. सांगताना उपदेश नको. "ताई, माळ घातली आहे, आता माझ्यासाठी साधंच कर" एवढं पुरे. मांस खाणं कसं वाईट याचं प्रवचन तिथे सुरू केलं की समोरचा ताठतो आणि पुढच्या वेळी मुद्दाम परीक्षा बघतो. कारण विचारलं तरी एकच, रोज तेच उत्तर द्यावं: "देवाला शब्द दिलाय." पित्त होतं, डॉक्टरने बंद केलंय असली सबब कधीही सांगू नये. सबबीला उपाय असतो. पित्तावर गोळी मिळते, आणि मग खावं लागतं.

एकादशी सोपी वाटते, पण पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त चुकते ती तीच. कारण तारीख. कॅलेंडरवर कधी कधी लागोपाठ दोन दिवस "स्मार्त" आणि "भागवत" अशा दोन एकादश्या छापलेल्या असतात. वारकऱ्याची भागवत. सूर्योदयाआधी चार घटका, म्हणजे 96 मिनिटं, अरुणोदयाचा काळ धरतात. त्या वेळी दशमी शिल्लक असेल तर ती एकादशी दशमीने विद्ध झाली म्हणून भागवत परंपरेत दुसऱ्या दिवशी धरतात. घरात बाकीचे स्मार्त धरत असतील तर आदल्या दिवशी खिचडी होते आणि आपल्या दिवशी वरणभात. तेव्हा "कालच झाली की एकादशी, दोनदा कशाला उपाशी राहतोस" असं घरचे म्हणतात. नवीन कॅलेंडर आलं की पहिल्याच दिवशी बसून वर्षाच्या चोवीसही एकादश्यांवर खूण करावी आणि ते कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगावं. अधिक महिना आला की दोन वाढतात. 2023 ला अधिक श्रावण होता, 2026 ला अधिक ज्येष्ठ. त्याच बैठकीत घरातली लग्नं, बारशी, वर्षश्राद्धं कोणत्या एकादशीवर येतात ते बघून ठेवावं.

उपासाला काय चालतं यावर घराघरात वाद आहेत. कोथिंबीर, भेंडी, जिरं, भगर यांचं एका फडावर एक तर दुसऱ्यावर दुसरं. आपल्या माळ देणाऱ्याने सांगितलं ते धरावं आणि इतरांच्या ताटात बघू नये. बाहेर असताना हॉटेलातला साबुदाणा वडा आणि मेदूवडा बहुधा एकाच कढईत तळतात, हे लक्षात असू द्यावं. प्रवासाला निघताना दोन उकडलेली रताळी, दोन केळी, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा पिशवीत टाकला की कुणाच्या दारात हात पसरावा लागत नाही. भुकेल्या माणसाला आग्रह लवकर लागतो. बारस, म्हणजे एकादशीचा उपास, सोडायची ती द्वादशीला, नैवेद्य दाखवून. पंचांगात द्वादशी सकाळीच संपत असेल तर दुपारपर्यंत ताणू नये.

साखरेचा आजार असणाऱ्याने मात्र इथे हट्ट करू नये. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, खिचडीच्या एका ताटाने साखर वर जाते. उलट ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन निरंकार राहिलं तर साखर धोकादायक खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, भोवळ येते. एकादशीला गोळ्या-इन्सुलिनचं काय करायचं हे डॉक्टरला आधी विचारून त्याच्याकडून लिहून घ्यावं, मनाने डोस कमी-जास्त करू नये. आणि त्याने उपास करूच नको म्हटलं तर करू नये. हरिपाठ आहे, नाम आहे, उपासाचे पदार्थ थोडे थोडे दिवसातून चार वेळा खाऊन धरलेली एकादशीही आहे.

दवाखान्यातला दुसरा प्रश्न अंड्यांचा. "प्रोटीन कमी आहे, रोज दोन अंडी खा" असं डॉक्टर सांगतात आणि घरच्यांना आयतं हत्यार मिळतं. दोन अंड्यांतून साधारण 12 ग्रॅम प्रथिनं मिळतात. तेवढीच 50 ग्रॅम शेंगदाण्यांत मिळतात, 70 ग्रॅम पनीरमध्ये मिळतात, 25 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत मिळतात. हे आकडे डॉक्टरसमोर ठेवले की बहुतेक डॉक्टर लगेच बदल लिहून देतात. त्यांना प्रथिनं हवी असतात, अंडीच हवीत असं नसतं. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं. त्याच औषधाची गोळी किंवा पातळ औषध मिळतं का ते विचारावं. नसेल तर औषध म्हणून घ्यावं, आमच्याकडे त्याला कुणी दोष देत नाही. द्राक्षासवात मद्यांश असतो म्हणून वैद्याशी वाद घालणारेही भेटतात. तेवढा उत्साह त्यांनी हरिपाठात दाखवला तर बरं. एमआरआयला किंवा ऑपरेशनला जाताना अंगावरचा धातू काढायला सांगतातच, तारेतली माळ असली तर तीही. दोऱ्यातली माळ असेल तर आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरशी बोलावं. काहीजण मनगटाला बांधू देतात. नाही म्हटलं तर माळ घरच्याच्या हातात द्यावी आणि शुद्धीवर आल्यावर तोंडात पाणी घेण्याआधी ती गळ्यात घालायला सांगून ठेवावं.

आता जत्रा. नेमाचा खरा कस इथे लागतो, म्हणून यावर जरा सविस्तर.

देशावर आणि मराठवाड्यात बऱ्याच घरांत कुलदैवताला, म्हसोबाला, मरीआईला बोकड देण्याची रीत आहे. भावकीची वर्गणी असते. माळकऱ्याने वर्गणी द्यायची का, पंगतीत बसायचं का, बोकडाला हळद-कुंकू लावायला उभं राहायचं का, हे तिन्ही प्रश्न पहिल्याच वर्षी येतात. पैशांचा प्रश्न असा सोडवतात: जत्रेच्या पंधरा दिवस आधी कारभाऱ्याकडे जायचं, आपला वाटा पूर्ण द्यायचा, पण नारळ, तेल, मांडव, वाजंत्री आणि गोडा नैवेद्य यांच्या नावाने. पैसे रोखले तर "माळेच्या आड लपून पैसे वाचवतोय" असं बोलतात, आणि तसं बोलायला त्यांना जागा मिळते. पंगत गावोगाव माळकऱ्यांची वेगळी असते, तिथे वांग्या-बटाट्याची भाजी, आमटी, भात. पण ती वेगळी नुसती बसायला असते, चुलीवर ती वेगळी नसते. मटणाच्या पातेल्यातला डाव तसाच आमटीत जातो, वाढपी एकच असतो, घाईत तांब्याही तोच. भाकरी चालते, ती परातीत वेगळी असते. म्हणून आपला एक माणूस सकाळपासून चुलीपाशी ठेवावा, दोन पळ्या आणि एक बादली आपली न्यावी आणि माळकऱ्यांची पंगत पहिली बसवून घ्यावी. उशिराच्या पंगतीत सगळं मिसळलेलं असतं.

हे झालं सोपं. अवघड पुढे येतं. जत्रेनंतर महिन्याभरात घरातली म्हैस मेली, पोराला ताप आला, बोअरला पाणी लागलं नाही, तर बोट माळकऱ्याकडे जातं: "यानं देवाचं मोडलं." मग कुणाच्या तरी अंगात येतं आणि देव बोकड मागतो. आता हेही देवाचंच बोलणं म्हणून समोर येतं. नवा माळकरी इथे खरोखर घाबरतो, आणि घाबरणं साहजिक आहे, कारण आजारी पोर त्याचंही असतं. अशा वेळी आम्ही सांगतो ते असं. "तुमचा देव खोटा" हे वाक्य चुकूनही तोंडातून काढायचं नाही. कुलदैवत टाकायचं तर नाहीच. खंडोबा असेल तर तळी भरायची: ताम्हणात खोबरं, भंडारा, सुपारी, विड्याची पानं, पाच जणांनी मिळून येळकोट करत तीनदा उचलायची. त्यात मांसाचा संबंधच नाही. चंपाषष्ठीला, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, खंडोबाचा नैवेद्य भरीत-रोडग्याचा असतो, हे घरातल्या म्हाताऱ्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं, फक्त आठवण करून द्यावी लागते. देवीला पुरणपोळी, दिवा, ओटी. भावकीपेक्षा माळकऱ्याचं कुलाचाराचं पारडं जड दिसलं पाहिजे. आणि पोराला आधी डॉक्टरकडे न्यायचं, त्याच दिवशी. पोर बरं झालं की अर्धा आवाज बंद होतो.

"अंगात आलेल्या देवाने सांगितलं" आणि "माळ घालताना देवापुढे बोललो" यांतलं कोणतं ऐकायचं, असं कुणी सरळच विचारतं. आमच्या फडावर याचं उत्तर सरळ आहे. शुद्धीत, दिवसाढवळ्या, चार लोकांसमोर, नेम समजून घेऊन दिलेला शब्द धरायचा. भीतीच्या भरात आलेला आदेश, त्यातही ज्यात कुणाचा जीव किंवा कुणाचा पैसा मागितलाय तो आदेश, चार दिवस तसाच बाजूला ठेवायचा. मग माळ देणाऱ्याला जाऊन सांगायचा. चार दिवसांनी त्यातला जोर बहुधा उतरलेला असतो.

जत्रेइतकेच वाईट दिवस म्हणजे आषाढातल्या "आखाड" पार्ट्या, गटारी, धुळवड आणि करीचा दिवस. हे ठरावीक असतात, म्हणून त्या दिवशी दुसरं काम ठरवून ठेवता येतं. निवडणुकीच्या काळातली जेवणावळ ठरावीक नसते, आणि तिथे गावचं राजकारण असतं: जेवला नाहीस म्हणजे विरोधात आहेस. अशा ठिकाणी जायचं, सगळ्यांना भेटायचं, ताक नाहीतर चहा घ्यायचा आणि पंगत बसायच्या आत निघायचं. पिणाऱ्या मित्रांत बसावंच लागलं तर आपल्या हाताने बूच काढलेली बाटली घ्यावी, ती हातातून खाली ठेवू नये, उघडा ग्लास घेऊ नये. गंमत म्हणून कोल्ड्रिंकमध्ये मिसळणारे महाभाग असतात. एक फायदा सांगून ठेवतो: माळकऱ्याला गाडी चालवायला बसवतात, आणि एकदा ती सवय गावाला लागली की कुणीच आग्रह करत नाही, कारण रात्री घरी सोडायला तोच लागतो.

बाईने माळ घातली असेल तर दबावाची जात वेगळी. पुरुष ताटावरून उठून जाऊ शकतो. सुनेला ते ताट रांधायचं असतं. सासर खाणारं असेल तर "तू खाऊ नको, पण आम्हाला करून घाल" हा तोडगा निघतो, आणि तो कित्येक घरांत वर्षानुवर्षं चालतो. माळेने दुसऱ्याला उपाशी ठेवायचं नसतं, म्हणून बऱ्याच फडांवर याला हरकत घेत नाहीत. पण भांडी वेगळी हवीत: एक कढई, एक तवा, एक पळी, एक पाटा किंवा मिक्सरचं एक भांडं, आणि घासायची काथ्या-घासणीसुद्धा वेगळी. चव बघण्याचं काम दुसऱ्यावर सोपवायचं. हे न ठरवता सुरू केलं की पहिल्याच रविवारी मीठ चाखायला बोट तोंडात जातं. जिला रांधणंही सोसत नाही तिने ते माळ घालण्याआधी नवऱ्याशी बोलून घ्यावं, आषाढीच्या रात्री नव्हे. सतराव्या शतकात शिऊरच्या बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानलं तेव्हा ब्राह्मण नवऱ्याने शूद्राच्या नादी लागली म्हणून मारहाण केली. त्या घर सोडून गेल्या नाहीत आणि गुरूही सोडला नाही. पुढे तोच नवरा त्यांच्यासोबत देहूला राहिला. हे उदाहरण सासू सुनेला सोसायला शिकवण्यासाठी वापरते, तेव्हा आम्ही मध्ये बोलतो. मारहाण सोसणं हा नेमाचा भाग नाही. त्यासाठी माहेर आहे, पोलीस ठाणं आहे.

वारीच्या रजेवरून नोकरीत खटके उडतात. देहूची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, आळंदीची अष्टमीला, आणि दोन्ही पंढरपूरला पोचतात आषाढ शुद्ध दशमीला. एवढी रजा कुणाही खासगी कंपनीत सहज मिळत नाही, आणि ती नाकारणारा साहेब अधर्मी ठरत नाही. नेम आहे एकादशीला पंढरीत असण्याचा. चालणं ज्याच्या त्याच्या सवडीवर. दोन दिवसांची रजा मिळाली तर एसटीने जावं. एक दिवस चालायचं असेल तर पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा बरेचजण निवडतात. तो तीस किलोमीटरच्या वर आहे आणि बहुतेक वर्षी नेमका एकादशीला येतो, तेव्हा उपाशीपोटी घाट चढायची तयारी ठेवावी. मीठ-साखरेचं पाणी सोबत असावं. आषाढीला पदस्पर्शाची रांग कित्येक तासांची असते. रजा संपत आली म्हणून रांगेत हाणामारी करण्यात अर्थ नाही. चंद्रभागेचं स्नान, नामदेव पायरी, चोखोबांची समाधी, नगरप्रदक्षिणा आणि कळसाचं दर्शन झालं की वारी पोचली, असंच जुने वारकरी धरतात. रजेचा अर्ज पालखीचं वेळापत्रक जाहीर झालं की लगेच टाकावा, आणि बदल्यात दिवाळीत ड्युटी करायची तयारी दाखवावी. ही अदलाबदल बहुतेक ठिकाणी चालते.

शेतकऱ्याची अडचण वेगळी. मृग लागलेला, वापसा आलेला आणि पालखी दारात. "पेरणी टाकून कुठं निघालास" हे बायकोचं बोलणं चुकीचं नसतं, वर्षाचं पोट त्यावर असतं. सावड करणारे दोघं तिघं आधीच ठरवावेत: मी नसताना तुम्ही माझं पेरा, परत आल्यावर कोळपणीला मी तुमच्याकडे चार दिवस. पाऊसच लांबला तर पायी निघू नये, पेरून दशमीला गाडीने पंढरी गाठावी. तेही जमलं नाही तर कार्तिकी धरावी, हे माळ घेतानाच बोलून ठेवता येतं. 2020 आणि 2021 साली साथीमुळे पायी वारी थांबली आणि पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. तेव्हा "काहीही झालं तरी चालायचंच" म्हणून भरीला घालणारे बरेच होते. ज्यांनी घरीच एकादशी धरून, दारात दिंडी काढून, हरिपाठ केला त्यांची वारी चुकली असं कुठल्या जाणत्याने म्हटल्याचं ऐकलं नाही.

माळ तुटली तर ती पुन्हा ओवून गळ्यात घातल्याशिवाय अन्नपाणी घेत नाहीत. म्हणून पाकिटात सुई, मजबूत दोरा आणि घरी ओवलेली दुसरी माळ ठेवावी. मणी सांडले तर आधी जमिनीवर धोतर किंवा टॉवेल टाकून उभं राहावं, मग वेचावेत, नाहीतर निम्मे फटीत जातात. दोनचार हरवले तरी आहेत तेवढे ओवून गळ्यात घालावेत, भरती नंतर करता येते. उन्हाळ्यात मणी तडकतात, महिन्यातून एकदा तेलाचं बोट फिरवलं की पुरतं.

आणि नेम मोडला तर? नकळत झालं असेल, केकात अंडं निघालं, रश्श्याचा डाव लागला, तर कळल्याक्षणी थांबायचं, चूळ भरायची आणि माळ देणाऱ्याला सांगायचं. ते एखादा उपास किंवा जादा जप सांगतात, विषय मिटतो. जाणूनबुजून झालं असेल तरी सांगायचंच. सगळ्यात वाया जातो तो तिसरा प्रकार: जत्रेच्या दिवशी माळ खुंटीला टांगायची, रस्सा ओरपायचा, दुसऱ्या दिवशी आंघोळ करून पुन्हा घालायची. अशाने आग्रह वाढतच जातो, कारण समोरच्याला किंमत कळलेली असते. पुढच्या वर्षी तो स्वतः येऊन माळ काढून खुंटीला लावतो.

शेवटचा दबाव माळकऱ्यांकडूनच येतो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. "आम्ही तर निर्जळी करतो", "महिन्याची वारी नाही तर माळ कशाला घातली", "चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं सोडलं नाहीस?" कांदेनवमीला भजी खाऊन चार महिने कांदा सोडणं चांगलंच आहे, पण ते बोललेल्या नेमात नसेल तर त्याचा धाक घेऊ नये. नवीन माणूस पहिल्या उत्साहात सगळे नेम एकदम धरतो आणि सहा महिन्यांत सगळेच टाकतो. पहिल्या वर्षी सांगितले तेवढेच नेम, एकही जादा नाही.

याच चालीने बाप मुलांना माळा घालतात. आठवी-नववीतला पोरगा सप्ताहात काल्याच्या दिवशी सगळ्यांसमोर उभा केला जातो, नाही म्हणायची त्याला सोय नसते, आणि कॉलेजच्या वसतिगृहात गेला की दोन आठवड्यांत माळ बॅगेत जाते. म्हणून आता आम्ही पोराला आधी वर्षभर बिनमाळेच्या एकादश्या धरायला लावतो, चोवीसच्या चोवीस, घरच्यांनी आठवण न करता. वर्ष झालं की नारळ घेऊन त्याला एकट्याला बोलावतो. बाप बरोबर आला तर त्याला चहा देऊन बाहेर ओट्यावर बसवतात.